तीन घाट, साडेनऊ तास आणि वंदनाची ओटी

शुक्रवार, १७ जानेवारी. सुलतानपूर, तालुका लोणार

हजर: १) मी, सुमन, वय त्रेपन्न, साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्थापक. २) वंदना, माझी धाकटी जाऊ, वय चव्वेचाळीस, डोंगरात पळणारी. ३) प्रकाश, वंदनाचा धाकटा भाऊ, जीपसह. ४) वंदनाची आई, स्वयंपाकघरातून. गैरहजर: माझे दीर संजय, म्हणजे वंदनाचे यजमान. साखर कारखान्याचा हंगाम चालू, रजा नाही.

साताऱ्याहून इथवरचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. बसलो, झोपलो, मान अवघडली, उतरलो.

उतरल्या उतरल्या वंदनाची भाषा बदलली. आमच्या घरी बावीस वर्षं 'मला भूक लागली' म्हणणारी बाई फाट्यावर पिशवी टेकवून भावाला म्हणाली, "मले भूक लागली बे, हुरडा आणला का नाई?" प्रकाश म्हणाला, "हाव, पण पाव्हण्याले आधी. तू घरचीच हायेस."

पाहुणी म्हणजे मी. शेतात गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कणसं भाजून, हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात ठेवत होते. सोबत लसणाची चटणी, गूळ आणि दही. आमच्याकडेही हुरडा खातात, पण आमच्याकडे 'पुरे' म्हटलं की थांबतात. इथे 'पुरे' म्हणजे पाहुणा लाजतोय असं धरतात. मी चार वेळा पुरे म्हटलं आणि चारही वेळा माझी ओंजळ भरली. वंदनाने मोजून तीन मुठी खाल्ल्या. परवा पळायचं होतं.

कशासाठी आलो ते आता सांगते. तेरा वर्षांपूर्वी वंदनाला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ती अजिंक्यतारा चढायला लागली आणि महिन्याभरात तिला चालणं पुरेना. डोंगरातल्या पहिल्या शर्यतीत ती शेवटची आली. ती पोचली तेव्हा मांडववाले कमान उतरवत होते. तिने ओरडून दोघांना बांबू धरून ठेवायला लावलं आणि त्याखालून आत आली. मी डबा घेऊन तिथे उभी होते, म्हणून मला माहीत. पाचव्या वर्षी तीच शर्यत तिने जिंकली. मग पन्नास किलोमीटर, ऐंशी किलोमीटर, सह्याद्रीतले सगळे अवघड घाट. हिमालयात दोनदा गेली. एकदा बायकांत पाचवी आली, एकदा गारपिटीमुळे खिंडीतून परत फिरावं लागलं. त्या खिंडीबद्दल ती बोलत नाही, पण तिचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

त्याच खिंडीतून जाणाऱ्या शर्यतीसाठी यंदा पुन्हा अर्ज करायचा होता. अट अशी की गेल्या बारा महिन्यांत पन्नास किलोमीटरच्या वरची डोंगरशर्यत साडेनऊ तासांच्या आत पूर्ण केल्याचा दाखला पाहिजे. अर्जाची मुदत जानेवारीअखेर. त्याआधी उरलेली शर्यत एकच, आणि ती नेमकी तिच्या माहेरच्या जिल्ह्यात. चव्वेचाळिसाव्या वर्षी वंदना 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य वापरत नाही.

शनिवार, १८ जानेवारी. चिखलीमार्गे बुलढाणा

साताऱ्यात सगळ्यांनी मला विचारलं होतं, "बुलढाण्यात कुठला डोंगर?" मीही मनात तेच विचारत होते. चिखलीपर्यंत उत्तर मिळालं नाही. दोन्ही बाजूंना तुरी आणि हरभरा, आणि रस्ता सरळ. चिखलीच्या बाजारात सेफ्टी पिना, दोऱ्याचं रीळ आणि एरंडेल घेतलं. (एरंडेल तळपायांना लावायला. यादीत चौथं होतं.)

बुलढाण्याच्या पुढे प्रकाशने जीप थांबवली आणि म्हणाला, "वहिनी, पाहा." जमीन संपली होती. पायाखाली झाडीने भरलेली उतरंड, तिच्या तळाशी सपाट, धुकट, लांबच लांब मैदान. इथली माणसं स्वतःची ओळखच तशी सांगतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. लग्न जुळवतानाही आधी तेच विचारतात.

"उद्या हे तीनदा उतरायचं, तीनदा चढायचं," वंदना म्हणाली. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की पोरं जशी बघतात, तशी ती दरीकडे बघत होती.

शर्यतीचे मुख्य शेख सर. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी, हातात नियमांचा कागद. सगळ्यांना ओळीत बसवून त्यांनी नियम मोठ्याने वाचले. "नियम तीन. तीन थांबे हायेत. थांब्याच्या बाहेर कोणाकडून काही खाल्लं-पेलं, तं बाद. नियम चार. रस्त्यात काही टाकलं, तं बाद. हे जंगल हाये, तुमच्या मामाचं आंगण नाई. नियम पाच. पाठीवरच्या थैलीत जे हाये ते शेवटपर्यंत थैलीतच राहीन. थांब्यावर सामान काढून घरच्याले द्याचं नाई. मागच्या साली लोकांनी चादरा-बॅटऱ्या काढून देल्ल्या आन् हलके होऊन पळाले. मी पागल नाई."

मला हा माणूस फार आवडला. असा एक माणूस कार्यालयात असता तर माझी निम्मी कामं वाचली असती.

संध्याकाळी मी माझ्या पद्धतीने वेळापत्रक केलं. वंदना कुठल्या गावातून किती वाजता जाईल, मिनिटांसकट. एक प्रत मला, एक प्रकाशला, आणि एक मोबाइलवरून सिंधूआत्याला. सिंधूआत्या म्हणजे वंदनाच्या वडिलांची बहीण. वाटेतल्या तिसऱ्या गावात राहते, बचत गटाची अध्यक्ष आहे आणि घाटाखाली तिच्या ओळखीचं नाही असं घर नाही. खाली मी लिहिलं, "या वेळेला वाट मोकळी ठेवावी, कुत्री बांधून ठेवावीत." आत्याचं उत्तर लगेच आलं, "काळजी करू नको बाई. सगळ्या गावाईले कळवतो."

मी यादीवर बरोबरची खूण केली आणि झोपले. ही माझी चूक. चूक कागदात नव्हती. तो मी संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या दिवसांत पाठवला, ही होती.

रविवार, १९ जानेवारी. तीन घाट

सकाळी सहाला अंधारात शिट्टी झाली आणि कपाळावर दिवे बांधलेली पन्नासेक माणसं घाटात उतरली. त्यात बायका चार. साडेतीन वाजता साडेनऊ तास संपणार होते. माझ्या कागदाप्रमाणे वंदना तीन वाजून पाच मिनिटांनी येणार होती. पंचवीस मिनिटं हाताशी. कार्यालयातही मी मुहूर्ताआधी इतकीच मोकळी ठेवते.

पहिल्या थांब्यावर साडेआठला ती यायची होती. आली आठ चाळीसला, कपाळभर हळदीकुंकू घेऊन. पाठीवरची थैली फुगलेली.

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "ओटी भरली."

"कुणी?"

"पूर्ण गावानं! पाटावर बसवलं मला! तुमचा कागद होता त्यांच्या हातात. म्हणे, सात चाळीसला येणार होती, दोन मिनिटं उशीर काऊन झाला?"

पळण्याच्या कपड्यांना पदर नसतो. तेव्हा बायकांनी तिला जॅकेटचं टोक पसरायला लावलं आणि त्यात पाच ओंजळी गहू, नारळ, खणाचं कापड, बोरं आणि उसाची कांडकी घातली. वर संक्रांतीचं वाण म्हणून स्टीलची वाटी. जिल्ह्याची लेक दारावरून पळत जाते आणि रिकामी जाते, हे त्यांच्या डोक्यात बसेना. आणि वंदनाला 'नको' म्हणता येईना. हिमालयात गारपिटीत न डगमगलेली बाई, पण माहेरची ओटी नाकारायला ती सासरहून आलेली नव्हती.

थांब्यावरच्या एका धावपटूने तक्रार केली. बाहेरून खाण्याचं घेतलं, म्हणजे नियम तीन. शेख सर मोटरसायकलवरून आले. थैली उघडली. नारळ बघितला, बोरं मोजली. मला वाटलं, संपलं.

"काही खाल्लं?"

"नाई सर."

"बोर एखादं?"

"तोंडात फक्त दात हायेत, सर."

शेख सरांनी नियमांचा कागद बोट फिरवत वरून खाली वाचला. मग म्हणाले, "हे पाहा. खाल्लं, तं मदत. सांडलं, तं कचरा. काढून जावेले देल्लं, तं नियम पाच. घेऊन पळाली, तं मले काही म्हणाचं नाई. ओझ्याले मी मदत कशी म्हणू?" आणि तक्रार करणाऱ्याकडे वळून, "तुले पायजे का एक नारळ? दे म्हणतो."

तो निमूट पळाला. वंदनाने गहू खणात घट्ट बांधले, नारळ पाठीच्या मधोमध बसवला आणि ती पहिली चढण चढायला लागली. मी ताबडतोब आत्याला फोन लावला. त्या थांब्यावर फोनला रेंज नव्हती. म्हणजे पुढच्या गावात पुन्हा पाट, पुन्हा ओंजळी. आम्ही जीप पिटाळली, पण आमचा रस्ता लांबून होता. प्रकाशने वाटेतल्या प्रत्येक बैलगाडीला हॉर्न दिला. सरकी भरलेल्या एका गाडीचा बैल आमच्याकडे बघून तिथेच थांबला आणि पाच मिनिटं हलला नाही. "त्यालेबी तुमचा कागद देल्ला होता का, वहिनी?" प्रकाश म्हणाला. मी घड्याळ त्याच्यापुढे धरलं.

दुसऱ्या गावात पोचलो तेव्हा रस्त्यावर फक्त सांडलेली हळद होती. एक बाई आनंदाने म्हणाली, "आत्ताच गेली! लय चांगली पोरगी हाये. नारळ घ्याले लाजत होती, आम्ही कोंबला."

दुसऱ्या थांब्यावर वंदना कागदापेक्षा एकवीस मिनिटं मागे होती. दोन नारळ, दोन खण, दहा ओंजळी गहू, दोन वाट्या. पळताना वाट्या वाजत होत्या, त्यामुळे माकडं झाडावरून उतरून तिला बघत होती, हे तिनेच सांगितलं. सांगताना हसत होती. मग गुडघा दाबला आणि हसणं थांबलं.

"ताई, आता मिनिट नाही माझ्याकडे. पुढचं गाव आत्याचं आहे. आत्याला मी नाही म्हणू शकत नाही."

"तू पळ. मी म्हणते."

आत्याच्या गावाला आम्ही तिच्या वीस मिनिटं आधी पोचलो. गावात मांडव होता. मी मांडवातली बाई, मला एका नजरेत हिशोब लागतो. चाळीस बायका, सतरंज्या, पाट, भोवती रांगोळी, लाउडस्पीकर, आणि मांडवाच्या खांबाला डकवलेला माझा कागद. माझ्या मिनिटांच्या पुढे लाल पेनाने लिहिलं होतं: आगमन, औक्षण, ओटी, वाण, मनोगत, चहापान.

मनोगत!

सिंधूआत्या सत्तरीची, नऊवारी नेसलेली, हातात ताट. मी तिला सगळं सांगितलं. साडेतीनची वेळ, एकवीस मिनिटांचा उशीर, हिमालयाचा अर्ज, गुडघा. पाटावर बसली तर ती उठेल, पण पोचणार नाही. तिने नीट ऐकलं. लाउडस्पीकरवाल्याला बंद करायला सांगितलं.

"मंग ओटीचं कसं?"

"जीपमध्ये ठेवा ना, आत्या. मी नेऊन देते."

बायका हसायला लागल्या. एकीने विचारलं, "ओटी काय जीपीची भरतेत का, बाई?" दुसरी म्हणाली, "जीपीले पदर कुठं हाये? ताडपत्री पसरा म्हणावं!" प्रकाश खाली मान घालून टायर तपासायला लागला.

आत्या म्हणाली, "तूच घे ना पदरात. थोरली जाऊ हायेस. तिच्या नावानं भरतो."

मी म्हणाले, "मला नाही घेता येणार."

"काऊन?"

"हे गेले. सहा वर्षं झाली."

मी कार्यालयात शेकडो हळदीकुंकवांची व्यवस्था केली आहे. ताटं, फुलं, अत्तर, वाण. कार्यक्रम सुरू झाला की मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहते आणि यादी बघते. मला कुणी जा म्हटलेलं नाही. मीच जाते. कुणी ये असंही म्हटलेलं नाही.

आत्याने ताट दुसऱ्या हातात घेतलं. "आन् मी काय सौभाग्यवती दिसून राह्यली तुले? अकरा वर्षं झाले माह्यावाल्याले जाऊन. ताट माह्याच हातात हाये ना? दोन वर्षांपासून आम्ही गटात ठरवलं, या गावात कोणी दारात उभं राह्याचं नाई." मग बाकीच्यांकडे वळून, "पोरीच्या रस्त्यातला दगड उचलाले नवरा लागते काय व?"

"नाई लागत!" मांडव म्हणाला.

"पसर पदर. बारा मिनिटं राह्यले. तुह्याच कागदात उशीर मिळवून पाह्यला."

मी पदर पसरला. चाळीस बायका, प्रत्येकीची एक ओंजळ. तिसरीच्या पुढे मला नीट दिसेना. गहू जड झाले तशी मी खाली बसले, कुणीतरी पदराच्या मागून हात लावला, कुणीतरी कुंकू लावलं, कुणीतरी "हळू, सांडलं तं सर बाद करतीन" म्हणालं आणि सगळ्या इतक्या हसल्या की मीही हसायला लागले, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता तरी.

तेवढ्यात वळणावरून वाट्यांचा आवाज आला.

बायका उठल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. वंदना आली ती मांडव बघून चेहरा पाडूनच. वेग कमी केला. आत्या ओरडली, "थांबशीन तं याद राख! पळ!"

वंदनाला कळायला दोन पावलं लागली. मग ती त्या दोन रांगांमधून जी सुटली! टाळ्या, आरोळ्या, लाउडस्पीकर परत चालू. आत्याने नऊवारीचा काचा सावरला आणि चिमटीत कुंकू धरून तिच्या बरोबरीने पळायला लागली. सत्तर वर्षांची बाई, अनवाणी. दहा पावलांत तिने तीनदा नेम धरला. कुंकू लागलं ते वंदनाच्या कानाला.

"कानाले तं कानाले!" आत्या कमरेवर हात ठेवून थांबली. "आता वर जाऊनच पुस!"

तिसरा थांबा वंदनाने पाच मिनिटांत उरकला. शेवटचा घाट सगळ्यांत लांब. आम्ही वर जाऊन थांबलो. शेख सर घड्याळ घेऊन रेघेवर बसलेले. तीन वाजले, तीन दहा. दोन पुरुष आले. तीन वीस. माझ्या मांडीवर आत्याच्या गावाच्या गव्हाचं गाठोडं होतं आणि मी त्याची गाठ सोडत होते, बांधत होते.

तीन चोवीसला आधी आवाज आला. दोन वाट्या, एकमेकींवर. मग ती दिसली. एक पाय ओढत होती, पण दोन्ही पाय पुढेच पडत होते. प्रकाश रडत, ओरडत तिच्या बाजूने पळत आला. शेख सरांनी त्याला शिट्टी वाजवून रस्त्याच्या बाहेर काढलं. नियम सात, सोबत पळायचं नाही. (आत्याची दहा पावलं सरांनी पाहिली नव्हती.)

तीन वाजून सत्तावीस मिनिटं.

ती बसली नाही. सर म्हणाले, "आधी थैली." एकेक वस्तू बाहेर आली. चादर, बॅटरी, शिट्टी, नारळ, नारळ, वाटी, वाटी, बोरं. गव्हाचे दोन खण त्यांनी उघडून बघितले, उसाची कांडकी मोजली.

"खाल्लं नाई. सांडलं नाई. काढलं नाई." त्यांनी दाखल्यावर सही केली. "चाळीस वर्षं पोरं पळवली मी. नारळ घेऊन पळणारी पहिलीच."

मग ती रस्त्यातच बसली आणि पोट धरून हसायला लागली. संध्याकाळी गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी होती. रोडग्यात मुठीने भोक पाडून तूप ओतत होते. वंदनाने 'पुरे' म्हटलं नाही, म्हणून किती खाल्ले ते लिहीत नाही.

सोमवार, २० जानेवारी. नांदुरा स्टेशन

घाटाखाली उतरून नांदुऱ्याला गाडी पकडली. गाडी उशिरा होती, म्हणून फलाटावर बसून वंदनाने मोबाइलवर हिमालयाचा अर्ज भरला. वय, अनुभव, शेख सरांचा दाखला. मग ती थांबली, टाइप केलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. 'मुक्कामावर मदतीला येणारी व्यक्ती' या रकान्यात माझं नाव होतं.

"संजयला घेऊन जा," मी म्हणाले. "मला बर्फातलं काय कळतं?"

"पळायला मला कुणी नको, ताई. माझ्या आधी पुढच्या गावात पोचणारं माणूस पाहिजे."

मी उठून गाडी येते का ते बघायला फलाटाच्या टोकाला गेले. ती अजून दिसत नव्हती.

आज, बुधवार २९ जानेवारीला, साताऱ्यात हे लिहिताना परतल्यानंतरच्या कामांची यादी समोर आहे. आत्याला फोन, झाला. शेख सरांना फोटो, पाठवले. गव्हाचं दळण, झालं. पोळ्या आजच केल्या. वंदनाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, मिळालं, जोडलं. अर्जाची मुदत परवा संपते. मदतनीसालाही तसंच प्रमाणपत्र लागतं, उंचीवर राहायला हरकत नाही असं. डॉक्टरांचा दवाखाना आमच्या कार्यालयासमोर आहे, रस्ता ओलांडला की पायरी. दोन दिवस मी त्या रस्त्याच्या अलीकडे उभी राहून परत येते आहे. तेवढं एक काम राहिलंय.